वजा सोळा

आई,

मी हल्ली शनिवारी दुपारी एक खेळ खेळते आणि त्यात माझे गुण बहुतेक वेळा शून्याच्या खाली असतात. तू हे ऐकलं असतंस तर आधी विचारलं असतंस, की शून्याच्या खाली जायची सोय असलेला खेळ मुळात खेळायचाच कशाला. मला त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पूलचाच एक जुना अमेरिकन प्रकार आहे तो, स्ट्रेट पूल म्हणतात. नावात सरळपणा आहे, तेवढाच. इथे आयर्लंडमध्ये तो कोणी खेळत नाही. पबमधल्या छोट्या टेबलांवर लाल-पिवळे बॉल मांडून पोरं पूल खेळतात, वयस्कर मंडळी स्नूकर खेळतात. डब्लिनच्या कडेला, आमच्या ल्यूकनच्या बाजूला स्ट्रेट पूल खेळणारे आम्ही दोघंच: एक मी आणि एक तो.

'तो' लिहिलं म्हणून रागावू नकोस. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस आहे, तू मला 'ते' म्हणायला लावलं असतंस. पण त्या क्लबात सगळे त्याला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणजे 'तुमचा तो माणूस'. तो कोणाचाही नसला तरी इथे तसंच म्हणायची पद्धत आहे, आणि 'तुमचे ते माणूस' माझ्या जिभेवर बसत नाही. तरुणपणी तो न्यूयॉर्कला गेला, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि निवृत्त होऊन परत आला तो हा खेळ सोबत घेऊन. क्लबाच्या मालकाला गळ घालून त्याने एक मोठं अमेरिकन टेबल कोपऱ्यात बसवून घेतलं. त्यानंतर बरीच वर्षं तो त्या टेबलावर एकटाच खेळला, स्वतःशीच, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यातही बरेचदा हरला.

माझी गाठ पडली ती पावसामुळे. तुझी नात कॅमोगी खेळते, म्हणजे काठ्या घेऊन मुलींनी खेळायचा इथला खेळ, ज्यात एकमेकींच्या नडग्या फुटत नाहीत हे मला अजून पटलेलं नाही. तिची प्रॅक्टिस चालू असते तेव्हा आम्ही आईबाप गाडीत बसून काचा पुसतो. एका शनिवारी मी बाथरूम शोधत समोरच्या टायरच्या दुकानावरचा जिना चढले, आणि वर हा क्लब निघाला. कोपऱ्यात एक उंच, वाकलेला म्हातारा एकटाच बॉल मांडत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "खेळता का, मिसेस?"

मी म्हटलं, "कॅरम खेळायचे."

"ते काय असतं?"

मी समजावून सांगितलं. बोटांनी खेळतात हे ऐकल्यावर त्याने माझ्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, माझ्या हातात दिला. "हे म्हणजे लांब बोट समजा," म्हणाला. इतका चुकीचा सल्ला मला आयुष्यात क्वचितच मिळाला असेल.

तुला खेळ सांगते. पंधरा बॉल, कुठलाही मारा, एका बॉलला एक गुण. शंभर गुण आधी करेल तो जिंकला. तू म्हणशील, मग यात आहे काय. आहे ते असं, की मारायच्या आधी बोलावं लागतं. हा बॉल, त्या पॉकेटात. बोललेला बॉल गेला तर गुण. न बोललेला गेला तर तो पॉकेटातून काढून पुन्हा टेबलावर. मी पहिल्या महिन्यात जितके बॉल घातले त्यातले निम्मे न बोललेले होते. मी बोलायचे एक आणि जायचा भलताच, तोही इतका देखणा, की शेजारच्या स्नूकरवाल्यांनी वा म्हणावं. मग युअर मॅन शांतपणे उठायचा, पॉकेटात हात घालायचा, बॉल काढून टेबलावर ठेवायचा आणि परत बसायचा.

ते पहिल्यांदा झालं तेव्हा मला हसू आलं. स्वयंपाकघरातली फरशी आठवली. घरातला एकच दिवा धड होता, तो ओट्यावरचा, म्हणून आपला कॅरम ओट्यापुढे मांडलेला असायचा. तू गॅसवर दूध ठेवून खेळायला बसायचीस. दूध वर यायला लागलं की मी ओरडायचे, आणि तू म्हणायचीस, "थांब, एवढी घेऊ दे." आधी सोंगटी, मग दूध. बाबांना वर्षानुवर्षं वाटत होतं, की आपला गॅसच खराब आहे. आणि मी कधी चुकून राणी घेतली, उड्या मारायला लागले, की तू पॉकेटात हात घालून राणी बाहेर काढायचीस. "ही मारत होतीस का? बोलली होतीस?" मी म्हणायचे, कॅरममध्ये बोलायचं नसतंच. "आपल्या घरात असतं," असं म्हणून तू राणी मधोमध ठेवायचीस. सगळ्या कॉलनीत हा नियम आपल्याच घरात होता. समुद्रापलीकडे, टायरच्या दुकानाच्या वर, एका लिफ्टवाल्याकडेही तो निघेल असं मला वाटलं नव्हतं.

पण आपल्या घरात वजा गुण नव्हते. इथे आहेत. पांढरा बॉल पॉकेटात गेला, वजा एक. पांढरा कशाला लागला पण नंतर काहीच कडेला टेकलं नाही, वजा एक. आणि डावाची सुरुवात ज्याला करावी लागते त्याने ती नीट केली नाही, तर वजा दोन. सुरुवात बहुतेक माझ्याकडेच येते. म्हणजे सामना सुरू झाला न झाला तोच मी वजा दोन. नवरा संध्याकाळी विचारतो, "किती झाले आज?" मी म्हणते, "उणे चार." तो म्हणतो, "अगं, मग घरी बसून शून्य तरी राहिली असतीस." सँट्रीच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम मी वीस वर्षं करते आहे. तिथे चूक सापडली की लोक आभार मानतात. इथे ती फळ्यावर लिहितात.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. चौदा बॉल संपले की ते पुन्हा त्रिकोणात रचतात, पंधरावा टेबलावर जिथे असेल तिथेच राहतो. आता त्या एकाला असं मारायचं, की तो पॉकेटात जावा आणि पांढऱ्याने त्याच झटक्यात रचलेला ढीगही फोडावा. म्हणजे तुम्ही तासभर घाम गाळून टेबल रिकामं करायचं आणि बक्षीस म्हणून ते पुन्हा भरलेलं मिळणार. धुणं संपवून पाठ सरळ करावी आणि कोणीतरी नवी बादली आणून ठेवावी, तसं. युअर मॅनला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हो ना. म्हणून तर कोणी खेळत नाही." आणि क्यूच्या टोकाला खडू लावत पुन्हा वाकला.

मी का टिकले ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तिथे कोणी माझं कौतुक करत नव्हतं म्हणून. इथे चांगुलपणाने सगळे सगळ्याला 'ग्रँड' म्हणतात: जेवण ग्रँड, हवा ग्रँड, ऑपरेशन ग्रँड. तो मात्र माझ्या चांगल्या फटक्यालाही गप्प बसायचा. तूही बसायचीस.

दोन वर्षं अशी गेल्यावर एक दिवस तो खेळायला आला आणि क्यूचे दोन तुकडे जोडायच्या आधीच खुर्चीत बसला. म्हणाला, "मिसेस, तुला गॉलवेला यायला जमेल का? पंच म्हणून."

तेव्हा मला कळलं, की त्याला एक धाकटा भाऊ आहे. दोघं न्यूयॉर्कला एकत्र राहायचे, एकत्र खेळायचे. एका सामन्यात, शेवटच्या बॉलवर, थोरल्याने 'कोपरा' म्हटलं आणि हनुवटीने दाखवलं. धाकट्याच्या मते हनुवटी एका कोपऱ्याकडे होती, बॉल गेला दुसऱ्या. थोरल्याच्या मते हनुवटी आणि बॉल एकाच दिशेला होते. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. धाकटा आधी परत आला, देशाच्या पश्चिम टोकाला गॉलवेला घर बांधलं. आई वारली तेव्हा चर्चमध्ये दोघं दोन टोकांना उभे राहिले. आता धाकट्याचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यातून उठल्यावर त्याच्या बायकोने थोरल्याला फोन केला, की आता पुरे करा. धाकट्याचा निरोप एवढाच होता: येऊ दे, पण तो सामना पुन्हा होईल, आणि पंच बाहेरचा असेल.

"मी बाहेरची?" मी विचारलं. माझ्याकडे आयरिश पासपोर्ट आहे.

"तू कोणाच्याच बाजूची नाहीस," तो म्हणाला. "आणि तुला नियम येतात. तुला दुसरं काही येत नाही, पण नियम येतात."

गॉलवेला निघालो तेव्हा गाडीत तुझी नात मागे बसली होती, तिला हे चुकवायचं नव्हतं. "मॅम, यू'र द रेफ? दॅट्स गॅस!" म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत 'काय धमाल!' तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना ती इथलीच असते. वाटेत तिने विचारलं, की मला पंचगिरी कोणी शिकवली. मी तिला तुझी गोष्ट सांगितली, युअर मॅनलाही कळावी म्हणून इंग्रजीत. टेलिफोन एक्स्चेंजची ती मागची खोली, पत्र्याच्या टोपीखालचा बल्ब, बोर्डावर पावडरीचा वास, भोवती ऑपरेटर बायका हेडफोन गळ्यात तशाच अडकवून उभ्या. ऑफिसच्या कॅरम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तुझे साहेब खेळत होते आणि तू पंच होतीस. साहेबांनी स्ट्रायकर ठेवला, नेम धरला, आणि तू म्हणालीस, "स्ट्रायकर खालच्या रेघेला टेकलेला नाही. फाउल." साहेब हसले, त्यांना गंमत वाटली. तू हसली नाहीस. पुढे कितीतरी महिने तुला पहाटेची ड्यूटी लागली. मी अंधारात तुझ्याबरोबर उठायचे, आणि एकदा वैतागून म्हटलं, "बघितलं नसतंस तर काय बिघडलं असतं?" तू चहा गाळत होतीस. म्हणालीस, "मग मला तिथे उभं कशाला केलं होतं?" आवाज चढवला नव्हतास, पण मी दिवसभर गप्प होते. पुढे मी इंजिनीअरिंगला निघाले तेव्हा तुझा स्ट्रायकर रुमालात बांधून दिलास, हॉस्टेलवर कॅरम असेल म्हणून. हॉस्टेलवर फक्त टेबल टेनिस होतं.

हे ऐकून तुझी नात म्हणाली, "शी साउंड्स स्केअरी." पुढच्या सीटवरून युअर मॅन म्हणाला, "चांगली पंच असणार."

धाकट्याचं टेबल घरामागच्या शेडमध्ये होतं. धाकटा थोरल्यासारखाच उंच, फक्त ऑपरेशनने जरा आत ओढून घेतल्यासारखा. त्याची बायको गुटगुटीत, लगबगीची. तिने सँडविचचं ताट ठेवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "कोणीही जिंको, फक्त संपू दे." ते स्ट्रेट पूल आहे हे बहुधा तिच्या लक्षात नव्हतं.

सकाळी सुरू केलं. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होते, पण बोलायचे माझ्याशी. "मिसेस, त्याला सांगा त्याची पाळी आहे." "मिसेस, त्याला सांगा मला माहीत आहे." "मिसेस, तो खडू माझा आहे." मी सांगत होते. बोललेला बॉल मोठ्याने सांगायचा आणि पॉकेटाला हाताने स्पर्श करून दाखवायचा, असा नियम मी आल्याआल्याच लावला होता. हनुवट्या बंद.

आता दोन म्हातारे, दोघंही चिवट, आणि दोघांनाही काही झालं तरी दुसऱ्याला संधी द्यायची नाही. एकाने पांढरा बॉल ढिगाच्या मागे दडवायचा, दुसऱ्याने तो कडेला हळूच टेकवून तिथेच परत दडवायचा. जेवणाची वेळ झाली तरी दोघांचे मिळून वीस गुण झाले नव्हते. तुझी नात खुर्चीत झोपली, उठली, सँडविच खाल्लं, बागेत जाऊन आली. "हॅज एनिथिंग हॅपन्ड?" मी म्हटलं, नाही. उभं राहून माझे पाय दुखत होते. मला सारखं वाटत होतं, की यांच्यातलं वैर खेळामुळे नाही, खेळाच्या वेगामुळे एवढं टिकलं असेल.

दुपारनंतर डाव उघडला. दोघं खरंच सुंदर खेळले. उन्हं कलायला लागली तेव्हा थोरला छप्पन्नवर होता, धाकटा पन्नाशीच्या जरा अलीकडे. मग थोरल्याचे लागोपाठ दोन फाउल झाले, एक चुकून आणि एक मुद्दाम, बचावासाठी; छप्पन्नचे चोपन्न झाले. लागोपाठ तिसरा झाला तर त्या एकाबरोबर आणखी पंधरा गुण जातात. अशा वेळी पंचाने खेळाडूला आधी बजावायचं असतं. मी म्हटलं, "तुमचे दोन झालेत."

"मला मोजता येतं," तो म्हणाला.

त्याने दूरचा बॉल बोलला, पॉकेटाला हात लावला, आणि टेबलावर आडवा होऊन, एक पाय हवेत, क्यू लांबवला. फटका अप्रतिम होता. बॉल सरळ पॉकेटात. पण वाकताना त्याच्या लोकरी स्वेटरचं खालचं बटण तीन नंबरच्या लाल बॉलला लागलं होतं.

मी म्हटलं, "फाउल."

थोरला टेबलावरून सरळ झाला. "कुठला?" त्याने विचारलं.

"तीन नंबरचा. स्वेटर लागला. हा तिसरा. वजा सोळा." चोपन्नचे अडतीस झाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. गेली दोन वर्षं माझे वजा गुण फळ्यावर लिहिणारा माणूस. आणि तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आवाज आला.

"नाही लागला."

धाकटा माझ्याशी बोलत नव्हता. भावाकडे बघून म्हणाला, "तुझा स्वेटर चांगला वर होता. मी समोरच होतो."

"तू पाहिलंस?" थोरल्याने विचारलं. थेट त्याला.

"स्वच्छ पाहिलं. ती आंधळी आहे."

"मी तेच म्हणतोय!"

"म्हणत नव्हतास, नुसता उभा होतास. परत वाक बघू." आणि थोरला परत टेबलावर आडवा झाला. धाकट्याने लाल बॉल जागेवर ठेवला, मग म्हणाला, जागा ती नव्हे, जरा अलीकडे. थोरला म्हणाला, पलीकडे. मग धाकट्याने एका हाताने भावाच्या स्वेटरची कड उचलून धरली आणि खाली वाकून बटण आणि बॉलमधली फट पाहिली. ऑपरेशननंतर त्याला वाकायची मनाई होती. दारात त्याची बायको उभी होती, तिने त्याला अडवलं नाही. तोंडावर हात धरून ती तशीच परत घरात गेली.

"न्यूयॉर्कलाही असाच पंच असता तर," धाकटा म्हणाला.

"तिथे पंचच नव्हता."

"तेच बरं होतं."

मी निर्णय बदलला नाही. सामना तिथेच थांबला, अडतीस आणि अठ्ठेचाळीस, कारण थोरल्याला तिसऱ्या फाउलनंतरच्या नियमाप्रमाणे सगळे बॉल रचून नव्याने सुरुवात करायची नव्हती आणि धाकट्याला तसा जिंकायचा नव्हता. जेवताना दोघं शेजारी बसले आणि बटाटे वाढून घेत माझ्यासमोरच माझ्या डोळ्यांबद्दल बोलत राहिले. मी ऐकून घेतलं. तुझ्या नातीने जेवण होईपर्यंत फोन हातात घेतला नाही. परतीचा अर्धा रस्ता संपल्यावर युअर मॅन म्हणाला, "तू फार वाईट पंच आहेस, मिसेस." मी म्हटलं, बरं.

आता धाकटा महिन्यातून एकदा डब्लिनला येतो आणि दोघं आमच्या क्लबात खेळतात. मी फळ्यावर गुण लिहिते. पंच म्हणून मला पुन्हा कोणी विचारलेलं नाही. नवीन कोणी दिसला की दोघं त्याला गॉलवेची गोष्ट सांगतात, टेबलावर आडवं होऊन. सुरुवातीला बटण आणि बॉलमध्ये केसभर अंतर होतं. मग बोटभर झालं. हल्ली मूठ मावते. आणि दर वेळी सांगताना एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो.

गेल्या शनिवारी धाकट्याने चहाचा मग माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "आता खरं सांग, मिसेस. लागला होता का?" थोरला क्यू पुसायचा थांबला. दोघंही माझ्याकडे बघत होते, अगदी एकसारखे.

मी म्हटलं, "कदाचित मला भास झाला असेल."

ते केवढे खूश झाले, आई. थोरल्याने टेबलावर थाप मारली. धाकटा म्हणाला, मोठं मन आहे हो हिचं.

हे तुला तोंडावर सांगायची वेळ आली असती तर मी काय केलं असतं माहीत नाही. तू चहा गाळायचं थांबली असतीस आणि मी दिवसभर गप्प राहिले असते. तुझ्या नातीला मराठी कळतं पण वाचता येत नाही, त्या दोघांना तर तेही नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. लागला होता. तो बॉल नुसता थरथरला नव्हता, चांगला बोटभर सरकला होता.